रायफल म्हातारी होते ती बॅरलमध्ये
नीट सांभाळलेली रायफल आजोबांकडून नातवापर्यंत आरामात चालते, १०० वर्षं जुन्या बोल्ट अ‍ॅक्शन (हाताने दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या) रायफली आजही नेम धरतात. आधी जाते ती बॅरल म्हणजे नळी, तीही चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे, जिथे गरम गॅसने स्टील भाजून सुकलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. छोट्या काडतुसाची .२२ रिमफायर हजारो राउंड हूं की चूं करत नाही, पण जोरकस मॅग्नम (जास्त दारूच्या काडतुसाची रायफल) १५०० च्या आसपासच ग्रुप पसरवायला लागते, म्हणजे गोळ्या जवळजवळ बसेनाशा होतात, म्हणून बॅरल तापली की थांबाच. स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडा), फायरिंग पिन काय, बदलता येतात. आणि खरं सांगू, कित्येक बॅरली गोळ्यांनी नाही तर गंजाने आणि तोंडाकडून सफाईचा रॉड वेडावाकडा घासून गेल्यात, जमत असेल तर रॉड चेंबरकडूनच घाला, आधी रायफल रिकामी आहे ना ते बघून.