एक्के आलेत आणि गप्प बसायचंय? पोकरच्या छोट्या टेबलावर फ्लॉपच्या आधीची फसवाफसवी कधी जमते

आधी माझाच पोपट कसा झाला ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. गोव्यात मांडवीवरच्या एका कॅसिनो बोटीत पोकरचं ५०-१०० चं टेबल, म्हणजे कमी पैशांचं, छोटं (पानं बघायच्या आधीच एकानं स्मॉल ब्लाइंडचे ५० आणि त्याच्या पुढच्यानं बिग ब्लाइंडचे १०० टाकायचे), मी बिग ब्लाइंडच्या लगेच पुढच्या जागेवर, आणि हातात दोन एक्के. कुठेतरी ऐकलेलं की भारी पानं आली की गप्प राहायचं, म्हणून मी नुसते १०० टाकले, चेहरा एकदम साधा. मग माझ्यामागून चार जणांनी शंभर-शंभर टाकले, बिग ब्लाइंडवाले काका फुकटात आत आले, फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, सात-चार-दुरी, आणि काकांच्या हातात सात-चार. त्या रात्रीचं माझं बजेट काकांच्या खिशात. काकांना शंभर रुपयेसुद्धा वेगळे टाकावे लागले नव्हते.

आता आकडे बघा. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका हाताविरुद्ध साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. समोर तिघं असले की ६४ टक्क्यांच्या आसपास, आणि पाच जण आले की ४९. तसं पाहिलं तर सहा जणांच्या पॉटमधला (मध्ये जमलेल्या पैशांतला) जवळपास अर्धा वाटा हा काही वाईट सौदा नाही, पण गोची अशी की पॉट असतो पाच-सहाशेचा, आणि नंतर कोणी अचानक तीन हजार लावले की त्याच्याकडे काय आहे याचा तुम्हाला अंदाजच येत नाही, कारण तुम्ही सगळ्यांना काहीही घेऊन आत येऊ दिलेलं असतं. शिवाय एक्क्यांची जोडी २२१ हातांत सरासरी एकदा येते. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५-३० हात होतात, म्हणजे सात-आठ तासांत एकदा. एवढी वाट बघून आलेली पानं शंभर रुपयात वाया घालवायची?

मूळ अडचण अशी की थाप मारायची तर ती ऐकणारं कोणीतरी लागतं. छोट्या टेबलावरचे बरेच लोक तीन पत्तीतून आलेले असतात, सुट्टीवर असतात, ते फक्त स्वतःची दोन पानं बघतात, आणि तुम्ही १०० टाकले की ४०० यावर त्यांचा विचार चालतच नाही. अशांसमोर नाटक करणं म्हणजे रिकाम्या नाट्यगृहात स्वगत म्हणणं. म्हणून नेहमीची सवय साधी ठेवा, पानं चांगली असली की सरळ रेज करा, म्हणजे रक्कम वाढवा, ३०० ते ४००, आणि आधी जितक्या जणांनी नुसता कॉल केलाय (तेवढेच पैसे टाकलेत) त्या प्रत्येकाचे वर १००. मुख्य म्हणजे हा आकडा तुमची जागा आणि आधीचे कॉल बघून ठरवा, हातातली पानं बघून नाही. एक्के असोत की बटनवर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर, जिथून फ्लॉपनंतर सगळ्यांच्या शेवटी बोलता येतं) आलेले बदामचे आठ-सात, रक्कम तीच. एवढ्यानंच तुमचे पत्ते झाकले जातात, वेगळं काही करावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे जो सारखा बोलतो, चारचौघांत हसतो, अधूनमधून आठ-सातवर रेज करतो, त्याच्या एक्क्यांवरही लोक कॉल देतात!

मग आडून खेळायचं कधी? माझ्या मते तीनच प्रसंग आहेत आणि त्यातला पहिलाच खरा कामाचा.

पहिला. तुमच्या मागे असा एक जण बसलाय ज्याला रेज केल्याशिवाय चैन पडत नाही. प्रत्येक टेबलावर एक असतोच, दोन ग्लास झालेत, समोर चिप्सचा डोंगर, आणि तीन-चार जणांनी नुसते शंभर टाकलेले दिसले की हा ७०० करणार म्हणजे करणार. इथे एक्के किंवा राजांची जोडी घेऊन सुरुवातीच्या जागेवरून नुसते १०० टाकायला हरकत नाही. समजा तुमच्या मागून अजून दोघं आले, मग त्यानं ७०० केले, तर ब्लाइंड धरून मध्ये ११५० जमले, आणि आता तुम्ही २५०० करायचे. मधले दोघं पळतात, आणि तो एकटा सापडतो कारण त्याला माघार घेणं अपमान वाटतो. पण तीन गोष्टी आधी तपासा. त्यानं मागच्या पंधरा-वीस हातांत किती वेळा रेज केलं ते खरोखर मोजलंय का, नुसतं वाटतंय म्हणून नाही. तो तुमच्या नंतर बोलणार आहे ना, कारण तो आधीच फोल्ड करून (पानं टाकून) बसला असेल तर सगळं मुसळ केरात. आणि त्याच्याकडे आणि तुमच्याकडे पुरेशा चिप्स आहेत ना. यातलं एक जरी नसेल तर सरळ ४०० करा. आणि तो नेमका त्याच हाताला व्हॉट्सअ‍ॅप बघत बसला, रेज झालंच नाही, तर आपण आता सहा जणांत एक जोडी घेऊन बसलोय हे मान्य करायचं, आणि फ्लॉपवर दोघं भांडायला लागले की एक्के टाकून द्यायचे. हे जमणार नसेल तर हा डाव करूच नका, मला स्वतःला दोन वर्षं जमलं नव्हतं.

अजून एक, ही युक्ती एका टेबलावर रात्रीतून एकदाच चालते. आधी नुसता कॉल आणि मग मोठं रिरेज म्हणजे एक्के, हे झोपेतला माणूससुद्धा ओळखतो. तो चिप्सवाला सोडून बाकी कोणी लगेच तुम्हाला पैसे देणार नाही.

दुसरा प्रसंग, छोटा स्टॅक, म्हणजे कमी चिप्सवाला. समोरच्यानं ४०० ला उघडलं, म्हणजे पहिला रेज केला, तुमच्या मागे २५०० घेऊन बसलेला एक जण आहे जो मध्ये पैसे दिसले की सगळे ढकलतो. इथे राजे किंवा एक्के असतील तर नुसता कॉल करून त्याला ढकलू द्या, मग तुम्ही ढकला. मागे असं कोणी नसेल तर नुसता कॉल करण्यात अर्थ नाही, तीन जण अजून स्वस्तात येतील. आणि हे गुलामांच्या किंवा दहाच्या जोडीवर करू नका, फ्लॉपवर त्यांच्यापेक्षा मोठं पान सारखं येतं.

तिसरा प्रसंग म्हणजे उलटी थाप, पानं साधी असताना मोठी असल्यासारखं थ्री-बेट करणं, म्हणजे दुसऱ्याच्या रेजवर पुन्हा रेज करणं. याचं लोकांना फार वेड. हिशोब बघा. बटनवाल्यानं ३०० केले, स्मॉल ब्लाइंड फोल्ड, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये १०० टाकून बसलाय आणि ११०० करता, म्हणजे वरचे १००० लावून मध्ये असलेले ४५० मारायला निघालात. निव्वळ त्याच्या फोल्डवर हे फिटायचं तर १० पैकी ७ वेळा तरी तो पळायला हवा. आता छोट्या टेबलावरचा माणूस आठवा, ३०० गेलेत ना, अजून ८०० टाकून बघू काय येतं, हा त्याचा विचार! तो सात वेळा पळणार नाही, तीन वेळाही नाही.

हे फक्त एकाच प्रकारच्या माणसावर चालतं, जो रोजचा खेळणारा आहे, बटनवरून अर्ध्याहून जास्त हात उघडतो आणि थ्री-बेट बघून खरंच विचारात पडतो. तिथेही हातात कुठलीही पानं चालत नाहीत, एक्का आणि लहान पान हवं, एकाच रंगाचं, म्हणजे इस्पिकचा एक्का-पंजी वगैरे. कारण एक्का तुमच्याकडे आहे म्हटल्यावर त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, एक्का-राजाचे सोळावरून बारावर. आणि त्यानं कॉल केलाच तर तुम्हाला निदान फ्लश (एकाच रंगाची पाच पानं), स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) काहीतरी होऊ शकतं. एक्का-दश्शी दोन रंगांची घेऊन हे करणारे बघितलेत, त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं.

नुसते २०० करून लोकांना चुचकारणं, मुद्दाम उसासा टाकणं, चिप्स उचलून परत ठेवणं, याबद्दल काही बोलत नाही. तीन पत्तीत मामासमोर चालतं ते.

सराव कुठे करायचा? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आल्यापासून पैसे लावून ऑनलाइन पोकर बंद झालंय, त्यामुळे फुकटच्या चिप्सवर खेळा, पण तिथे कोणालाच कशाचं काही नसतं, म्हणून थापा शिकायला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा पुढच्या वेळी गोव्याला टेबलावर बसाल तेव्हा पहिला अर्धा तास पानं टाकत बसा आणि फक्त मोजा, डावीकडच्या दोघांनी किती वेळा रेज केलं, किती वेळा नुसते शंभर टाकले, आणि रेज खाल्ल्यावर किती वेळा फोल्ड केलं. वेटरनं दिलेल्या टिश्यूवर रेघा मारल्या तरी चालतं, मी मारतो.