जे पाहायला आपण नसू, त्याची वही कशी ठेवावी

साठी उलटली की अनेकांना मरणाच्या भीतीपेक्षा निराळीच चुटपूट लागते: आपल्या पश्चात लागणारे शोध आपल्याला पाहायला मिळणार नाहीत. अमेरिकेचे मुत्सद्दी व वैज्ञानिक बेंजामिन फ्रँकलिन यांनी फेब्रुवारी १७८० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना लिहिलेल्या पत्रात आपण फार लवकर जन्मलो अशी खंत व्यक्त केली. मात्र तेवढ्यावर न थांबता, अवजड वस्तूंचे वजन नाहीसे करून त्या सहज वाहून नेणे, कमी कष्टांत दुप्पट पीक काढणे आणि म्हातारपणासकट सर्व रोगांवर इलाज करणे, हे पुढे शक्य होईल असेही त्यांनी त्यात नोंदवले.

आपणही असेच नेमके लिहावे. जाड पुठ्ठ्याची वही घेऊन तीन रकाने आखावेत. पहिल्यात पाहायची गोष्ट लिहावी. ‘भविष्य’ असे मोघम लिहू नये. सुरुवात तारीख ठाऊक असलेल्या गोष्टीने करावी, उदाहरणार्थ जुलै २०६१ मध्ये सूर्याजवळ येणारा हॅलेचा धूमकेतू. दुसऱ्या रकान्यात त्या वर्षीचे आपले वय मांडावे. माझ्या वहीत तेथे १०३ हा आकडा आहे, आणि तो लिहिताना हात थबकला हे कबूल करतो.

तिसऱ्या रकान्यात आपल्या वतीने ती गोष्ट कोण पाहील त्याचे नाव लिहावे व त्या व्यक्तीला तसे सांगावे. नातीला सांगितले तेव्हा तिने विचारले, “पण आजोबा, पाहून झाल्यावर मी सांगू कोणाला?” मी वहीची शेवटची दोन पाने तिच्यासाठी कोरी सोडली.

शक्य असेल तर नोंदीसोबत आपला अंदाज आणि त्यामागचे गणितही द्यावे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले १७४२ मध्ये वारले. त्यांनी भाकीत केलेला धूमकेतू १७५८ च्या नाताळच्या रात्री जर्मनीतील एका शेतकरी खगोलनिरीक्षकाला दिसला, आणि लोक त्याची वाट पाहत होते ते हॅले यांनी आपले गणित छापून ठेवले होते म्हणून.

पुढे कधीतरी जिवंत होता येईल या आशेने मृत्यूनंतर शरीर गोठवून ठेवण्याचा प्रयोग १९६७ पासून चालू आहे, परंतु अद्याप एकालाही पुन्हा जिवंत करता आलेले नाही. तेव्हा त्या भरवशावर तिसरा रकाना रिकामा ठेवू नये.

वही इच्छापत्राच्या फाइलमध्ये ठेवू नये, कारण ती फाइल आपल्यामागेच उघडली जाते. नातवंडांचा हात पोहोचेल अशा कप्प्यात ती असावी.