विजेच्या चिलरच्या जोडीला शोषण चिलर कसा बसवावा

मोठ्या रुग्णालयात किंवा हॉटेलात वातानुकूलनाचे पाणी थंड करणाऱ्या विजेच्या चिलरच्या जोडीला शोषण चिलर, म्हणजे मुख्यतः उष्णतेवर चालणारे आणि प्लांटमधली मंडळी ज्याला ‘व्हॅम’ म्हणतात ते यंत्र, बसवायचे असेल, तर दरपत्रके मागवण्याआधी उष्णता कोठून येणार याचा हिशेब मांडावा. पाण्याने थंड होणारा चांगला सेंट्रिफ्यूगल चिलर विजेच्या एका युनिटात सुमारे सहा युनिट थंडावा देतो. लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणावर चालणारा सिंगल इफेक्ट (उष्णता एकदाच वापरणारा) व्हॅम उष्णतेच्या एका युनिटात सुमारे 0.7, तर डबल इफेक्ट (तीच उष्णता दोन टप्प्यांत वापरणारा) व्हॅम 1.2 ते 1.4 युनिट देतो. म्हणजे डबल इफेक्ट यंत्रासाठीसुद्धा उष्णता विजेच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या भावात मिळाली पाहिजे, आणि बॉयलरमध्ये मुद्दाम पाइप गॅस जाळून हे गणित सहसा बसत नाही. गॅस इंजिनाचे 85 ते 95 अंशांचे जॅकेट पाणी (इंजिन थंड ठेवायला त्याभोवती फिरणारे पाणी), त्याचा धूर किंवा वाया जाणारी वाफ हाताशी असेल, तरच पुढे जावे.

व्हॅमची क्षमता इमारतीच्या कमाल भारावरून, म्हणजे तिला लागणाऱ्या सर्वाधिक थंडाव्यावरून, ठरवू नये. सतत मिळणारी उष्णता आणि सतत राहणारा भार यांपैकी जे कमी असेल त्यावरून ठरवावी. समजा, कमाल भार 800 टन (टन हे इथे थंडाव्याचे एकक), रात्रीचा भार 250 टन आणि इंजिनाच्या उष्णतेतून 200 टन थंडावा मिळतो; तर व्हॅम 200 टनांचाच घ्यावा.

त्याची जागा इमारतीतून चिलरकडे येणाऱ्या परतीच्या वाहिनीवर असावी. स्वतंत्र पंपाने परतीचे पाणी उचलून, व्हॅममध्ये थंड करून, विजेच्या चिलरच्या अलीकडे त्याच वाहिनीत सोडावे. पुरवठा 7 आणि परतीचे पाणी 12 अंशांचे असेल, तर 800 टनांच्या भाराला विजेच्या चिलरकडे 10.75 अंशांचे पाणी येते. व्हॅमला तुलनेने कोमट पाणी मिळाल्याने तो अधिक कार्यक्षम राहतो, आणि भारातले चढउतार चटकन प्रतिसाद देणारा विजेचा चिलर सांभाळतो.

खरी अडचण रात्री येते आणि आराखड्यात नेमकी तीच सुटून जाते. 250 टनांपैकी 200 टन व्हॅमने उचलले की विजेच्या चिलरला जेमतेम 50 टन उरतात, आणि मोठा सेंट्रिफ्यूगल चिलर इतक्या कमी भारावर स्थिर चालत नाही. त्यासाठी एक लहान स्क्रू चिलर ठेवावा, किंवा व्हॅमचा भार मुद्दाम कमी करावा. दुसरा मार्ग पत्करल्यास उरलेली उष्णता बाहेर टाकायला इंजिनाचा रेडिएटर शाबूत हवा.

चिलरची उष्णता हवेत सोडणारा कूलिंग टॉवर जुनाच चालेल, असे गृहीत धरू नये. थंडाव्याच्या एका युनिटामागे विजेचा चिलर सुमारे 1.2 युनिट उष्णता बाहेर टाकतो, तर सिंगल इफेक्ट व्हॅम सुमारे 2.4. शिवाय पुण्या-नागपूरच्या हिवाळ्यात टॉवरचे पाणी जितके थंड तितके विजेच्या चिलरला सोयीचे. व्हॅममध्ये मात्र त्याच पाण्याने द्रावण गारठून त्यात स्फटिक बनतात आणि यंत्र अडते. त्यामुळे व्हॅमला टॉवरचा स्वतंत्र सेल (कप्पा) आणि उत्पादकाने दिलेल्या किमान तापमानावर बेतलेला बायपास व्हॉल्व्ह द्यावा.

व्हॅमला पूर्ण क्षमतेवर यायला वेळ लागतो, म्हणून सकाळचा भार चढण्याआधीच तो सुरू करावा, आणि बंद करताना द्रावण पातळ करण्याचे चक्र पूर्ण होऊ द्यावे. वीज गेल्यावरही हे चक्र अडू नये, यासाठी द्रावणाचे पंप जनरेटरवर घ्यावेत. व्हॅमच्या स्वतःच्या पंपांना वीज फार थोडी लागते, त्यामुळे टॉवर आणि पाण्याचे पंप धरूनही शस्त्रक्रियागृहांपुरता थंडावा तुलनेने लहान जनरेटरवर भागतो. माझ्या मते रुग्णालयासाठी हा फायदा वीजबिलातल्या बचतीहून मोठा आहे.

व्हॅमच्या बाष्पीभवन कक्षात पाऱ्याच्या 6 ते 7 मिलिमीटर इतकाच दाब असतो. हवा शिरली की थंडावा घटतो आणि आतले पोलाद गंजू लागते, म्हणून हवा किती वेळा काढावी लागली याची रोज नोंद ठेवावी आणि ती संख्या वाढू लागताच गळती शोधावी.