डी-डायमरवर थिसिस घेताय? आधी ट्यूबवरची वेळ बघा

हार्ट अटॅकनंतर पेशंट वर्षभर जगेल का हे रक्त गोठण्याच्या मार्करवरून सांगता येतं का, असा विषय मी घेतला तेव्हा मला वाटलेलं सोप्पंय, रक्त काढायचं, आकडा लिहायचा, वर्षाने फोन करायचा. पहिले तीन महिने रक्त नेमकं कधी काढायचं हे ठरवण्यातच गेले, आणि तेच सगळ्यात कामी आले.

डी-डायमर म्हणजे गुठळीतलं फायब्रिन, म्हणजे तिचे धागे, तुटताना पडणारे तुकडे. आता पेशंटला आल्याआल्या गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलंय आणि तुम्ही त्यानंतर रक्त घेतलंत, तर तुम्ही आजार नाही, औषध मोजताय. फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा माल, अजून फसवं, शरीरात सूज आली की लिव्हर ते जास्त बनवतं आणि अटॅकनंतर काही दिवस ते चढत जातं, त्यामुळे पहिल्या तासाचं सॅम्पल आणि तिसऱ्या दिवसाचं सॅम्पल एका कॉलममध्ये टाकलंत की खेळ खल्लास. पीएआय-1, म्हणजे गुठळी विरघळण्याला अडवणारं प्रथिन, ते तर सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं. म्हणून ट्यूबवर नुसती तारीख नको, घड्याळातली वेळ लिहा, आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आधी दिलं की नंतर तेही.

ट्यूब निळ्या टोपणाची, 3.2 टक्के सायट्रेटवाली (ते ट्यूबमध्ये रक्त गोठू देत नाही), नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रात्रीच्या ड्युटीला घाईत अर्धीच भरलेली आली तर सरळ फेकून द्या, जीवावर येतं पण द्या.

आता माझा पराक्रम. दोन लॅबचे रिपोर्ट मी एकाच एक्सेलमध्ये टाकले आणि एका गटाचा डी-डायमर जवळजवळ दुप्पट आला, मी खूश, म्हटलं काहीतरी सापडलं! सरांनी शीट बघून एवढंच विचारलं, "युनिट काय गं?" एक लॅब एफईयूमध्ये (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट) देत होती, दुसरी डीडीयूमध्ये (डी-डायमर युनिट), म्हणजे एकीचे 500 ते दुसरीचे साधारण 250. दोन आठवडे पाण्यात. तेव्हापासून युनिटचा कॉलम वेगळा.

आकडेमोडीत नवीन लोक हमखास फसतात ते इथे: पेशंट किती यापेक्षा मृत्यू किती हे महत्त्वाचं. समजा 200 पेशंट आहेत आणि 16 गेले, तर कॉक्स मॉडेलमध्ये (कोणत्या घटकाने मृत्यूचा धोका किती बदलतो ते वेळेसकट मोजणारं गणित) वय, डायबेटिस, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाची पंप करायची ताकद), डी-डायमर सगळं कोंबू नका, ढोबळ नियम असा की एका घटकामागे किमान दहा घटना, म्हणजे इथे मृत्यू, हव्यात. आणि डी-डायमर वयाबरोबर आपोआप वाढतो, किडनी बिघडली तरी वाढतो, कॅन्सरमध्येही वाढतो, त्यामुळे एकटा बघितला तर भविष्य सांगणारा बाबाच वाटतो. परीक्षक विचारणारच की अटॅकनंतरचा मृत्यूचा धोका सांगणारा ग्रेस स्कोअर आधीच आहे, त्यात तुझ्या मार्करने काय भर घातली? याचं उत्तर सिनॉप्सिस लिहितानाच शोधा.

फोनचं शेवटी सांगते. फोन लागला नाही म्हणजे पेशंट जिवंत असं धरू नका आणि गेला असंही नाही, तो जिवंत असल्याचं शेवटचं पक्कं कधी कळलं ती तारीख टाका, तिथे तो सेन्सॉर होतो, म्हणजे त्यापुढचं माहीत नाही असं धरून हिशोब तिथेच थांबतो. आणि "पेशंट आहेत का?" असं धाडकन विचारू नका. मी एकदा विचारलं, पलीकडे बराच वेळ शांतता, मग एक बाई म्हणाल्या, "ते जाऊन चार महिने झाले." मला त्यांना तारीखही विचारायची होती, कारण माझ्या कॉलमला ती लागतेच. विचारली, पण आवाज निघत नव्हता.