कोचीत एक दिवस: क्रूझला निघालेल्या नागपूरकरांसाठी

उतरताना क्रूझ कार्ड आणि मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून आधी मट्टनचेरी करा, मग फोर्ट कोची. मट्टनचेरीतला राजवाडा शुक्रवारी, तर तिथलंच १५६८चं ‘परदेशी सिनेगॉग’ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद असतं. वार आधीच बघा. फोर्ट कोचीतल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं. अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या, पण थडग्याचा दगड तिथेच आहे, तो चुकवू नका. मासेमारीची चिनी जाळी तिथून चालत जवळ.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाची सवय इथे कामी येत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून माणूस लवकर थकतो. सुती कपडे घाला, पाणी भरपूर प्या. परतायला बोट सुटण्याच्या दोन तास आधी निघा: पुलावर गाड्या अडकतात आणि बोटीचं दार सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतं.