मुलांचा आरोग्य विमा: रुग्णालयाच्या खिडकीपाशी कळणाऱ्या चुका

“बाळाचं नाव रेशनकार्डावर आहे का?” योजनेच्या रुग्णालयात मदतीला बसणारा आरोग्यमित्र हे विचारतो आणि बहुतेक वेळा तिथंच घोडं अडतं. वस्तीतल्या आयाबायांबरोबर मी या खिडकीपाशी अनेकदा उभी राहिले आहे. पॉलिसीचे हप्ते परवडत नाहीत म्हणजे लेकराला विमाच नाही, असं या घरांना वाटत असतं. खरं तर विमा असतो, लेकरू तेवढं कागदावर नसतं.

महाराष्ट्र सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी एकत्रीकरण झालं आहे. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. जुलै २०२४ पासून पिवळ्या आणि केशरी कार्डांबरोबर पांढरं कार्डही यात आलं. “आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कोण विचारतं” असं म्हणून घरी बसू नका.

सून माहेरच्या कार्डावर, बाळ कुठंच नाही

सगळ्यात जास्त अडचण इथं होते. लग्नाला चार वर्षं झालेली असतात, पण सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. माहेरहून नाव कमी केल्याचा दाखला कुणी आणलेला नसतो, त्यामुळे सासरच्या कार्डात ती नाही आणि तिचं बाळही नाही. रेशनकार्डाच्या पुरवठा शाखेतलं हे काम एका खेपेत होत नाही, म्हणून बाळ ठणठणीत असतानाच ते उरकून घ्या.

एक आई आठवते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं एकेक कागद काढून काउंटरवर मांडला. जन्मदाखला होता, पण त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी. बारसं व्हायच्या आधीच दाखला काढला होता आणि नंतर नाव घालायचं राहून गेलं. बापाचं नाव आधारवर ज्ञानेश्वर, रेशनकार्डावर माउली. माणूस एकच, पण मंजुरी अडली. दोन वर्षांचं पोर तिच्या खांद्यावर तापानं फणफणत होतं.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते आणि बाळाचं नाव नंतरही घालता येतं. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार ठशांशिवाय निघतं. जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड हे तिन्ही कागद समोर ठेवून नावं अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. योजनेचं आयुष्मान कार्ड माणशी वेगळं असतं, त्यामुळे बापाचं निघालं म्हणजे पोराचंही निघालं असं होत नाही.

आधी पैसे, मग चौकशी

घाबरलेले आईबाप जवळच्या दवाखान्यात धावतात, उसनवारी करून डिपॉझिट भरतात आणि चौथ्या दिवशी योजनेची चौकशी करतात. योजना कॅशलेस आहे. योजनेच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात भरलेले पैसे ती परत देत नाही. तालुक्यात कोणती रुग्णालयं यादीत आहेत आणि तिथं मुलांचे उपचार होतात का, हे योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर आजच विचारून ठेवा. तातडीच्या वेळी कागद पुरे नसले तरी परत फिरू नका. अशा वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, आरोग्यमित्राला ती स्पष्ट मागा.

सर्दी-तापाची तपासणी आणि औषधं मात्र यात बसत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

दप्तरात राहिलेली चिठ्ठी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, कमी ऐकू येणं अशा गोष्टी तिथं सापडतात आणि पुढचे उपचार, लागली तर शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होतात. पण पुढे पाठवल्याची चिठ्ठी दप्तरात चुरगळून पडते. मुलगी खेळताना लवकर दमते, याला “नाजूक आहे” म्हणून सोडून देतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि त्या संध्याकाळी दप्तर उघडून बघा.

पगारातून कापलेले पैसे

कारखान्यात, मॉलमध्ये किंवा सिक्युरिटीत कंत्राटावर असाल तर पगाराची पावती नीट वाचा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) ०.७५ टक्के कपात होत असेल, तर बायको-मुलांचे उपचारही त्यात येतात आणि साध्या तापाची तपासणीही. मूल झाल्यावर त्याचं नाव कुटुंबाच्या नोंदीत घालायचं राहून जातं. एचआरकडे किंवा ठेकेदाराकडे ते मागून घ्या.

खासगी पॉलिसी घेतलीच, तर मुलाचा दमा किंवा फिट्स एजंटच्या सांगण्यावरून लपवू नका. पुढे दावा नाकारला जातो तो त्याच कारणानं. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, तेवढ्या दिवसांत वाचून घेणारं कुणीतरी शोधा. शाळेतले गुरुजी किंवा आशाताई नाही म्हणत नाहीत.