घरातले दरवाजे मागवताय? या चुका आधी टाळा

चिपळूणजवळच्या एका तीन मजली इमारतीचं काम माझ्याकडे होतं. १२ फ्लॅट, आतले पल्ले, म्हणजे दाराचा उघडमीट होणारा भाग, ३६. नकाशात दाराची उंची ७ फूट लिहिलेली, म्हणून आम्ही ७ फुटी फ्लश डोअर मागवले. माल आला, सुताराने पहिला पल्ला उभा केला, तर तो चौकटीपेक्षा सव्वादोन इंच उंच. चौकटी विटकामाच्या वेळी कच्च्या स्लॅबवर उभ्या केल्या होत्या. नंतर त्यांच्या पायाशी मॉर्टरचा थर आणि टाइल आली, तेवढी उंची खाल्ली गेली. ताबा द्यायची तारीख जवळ होती. खालून कापून बसवा, असं मीच सुताराला सांगितलं.

फ्लश डोअरच्या चारी कडांना आत लाकडाची पट्टी असते. तिच्या आत भरीव लाकडाचे तुकडे जोडलेले असतात आणि दोन्ही तोंडांना प्लाय दाबलेला असतो. खालून सव्वादोन इंच कापले की ती पट्टी बऱ्याच पल्ल्यांत जवळजवळ संपते आणि आतला गाभा उघडा पडतो. पुढच्या पावसाळ्यात, रोजच्या फरशी पुसण्याच्या पाण्याने, एकेक पल्ला खालून फुगू लागला, प्लाय सुटू लागला. त्या घरांतल्या लोकांची यात काहीच चूक नव्हती. तेव्हापासून तयार फरशीची पातळी हातात आल्याशिवाय मी पल्ल्याची उंची कोणालाही सांगत नाही.

उंची मोजायची कुठून

काम सुरू असताना फरशी झालेलीच नसते, मग मोजायचं कुठून? प्रत्येक मजल्यावर पाण्याच्या नळीने किंवा लेझरने पातळी काढा आणि पुढे तयार होणाऱ्या फरशीच्या पातळीपासून १ मीटर उंचीची रेघ सगळ्या भिंतींवर मारून घ्या. लिंटेलची, म्हणजे दाराच्या जागेवरच्या आडव्या काँक्रीट पट्टीची उंची त्या रेघेवरून, चौकट त्या रेघेवरून, फरशीवाल्याने टाइलही त्याच रेघेवरून लावायची. गवंडी, सुतार आणि फरशीवाला जर आपापल्या स्लॅबच्या तुकड्यावरून मोजू लागले, तर एकाच घरात तीन दारांच्या तीन उंच्या निघतात. बाथरूमची फरशी खाली असते, तिथला हिशोब वेगळा लिहा. हॉलला लाकडी फ्लोअरिंग आणि बेडरूमला टाइल असेल तर तेही.

पल्ल्याखाली साधारण ५-६ मिमी फट लागते. बाथरूमला एक्झॉस्ट फॅन असेल तर त्याला हवा खेचायला १० मिमीपर्यंत ठेवा, नाहीतर पंखा फिरत राहतो आणि वाफ आतच कोंडते. बाजूंना आणि वर एक सूत, म्हणजे ३ मिमी, पुरे.

तीन फुटांचं दार तीन फुटांचं नसतं

भिंतीत सोडलेल्या जागेलाच दाराची रुंदी समजणं, ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती घर बांधून झाल्यावर, कधी कधी वीस वर्षांनी कळते. भिंतीत ३६ इंचांची जागा सोडली. अडीच इंची चौकट दोन्ही बाजूंना, ५ इंच गेले, राहिले ३१. पल्ला ९० अंशांत उघडला की त्याची स्वतःची जाडी आड येते. माणसाला जायला मिळतात साडेएकोणतीस इंच. बेडरूमला हे चालून जातं.

आता बाथरूम पाहा. तिथे आपल्याकडे सर्रास ३० इंचांची जागा सोडतात. त्यात तोच हिशोब केला तर जायला जेमतेम साडेतेवीस इंच उरतात. घरातली साधी व्हीलचेअर साधारण २५ ते २७ इंच रुंद असते. घरातल्या आजीला दाराशी उतरवून दोघांनी उचलून आत न्यावं लागतं, आणि हे मी स्वतः पाहिलं आहे. दिव्यांगांच्या सोयीसाठी सरकारी मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिमी सांगितली आहे. प्रत्येक फ्लॅटमध्ये ती जमेल असं नाही, पण निदान एका बाथरूमच्या भिंतीत ३६ इंच सोडायला काहीच अडचण नसते. विटा उलट कमीच लागतात.

त्याच बाथरूमचं दार बाहेर उघडणारं ठेवता आलं तर पाहा. आत कोणी घसरून पडलं तर माणूस बरेचदा दाराशीच पडलेला असतो, आणि आत उघडणारं दार त्याच्या अंगावर ढकलावं लागतं. दार बाहेर उघडायला पॅसेज अरुंद पडत असेल तर सरकतं दार करा, आणि कडी अशी लावा की बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल.

पल्ल्याची जाडी आणि चौकटीची खाच

लाकडी चौकटीला पल्ला टेकायला खाच काढलेली असते. ही खाच आणि पल्ला वेगवेगळ्या माणसांकडून येतात, म्हणून घोळ होतो. पल्ला ३५ मिमी, दोन्ही बाजूंना १-१ मिमीचं सनमायका, झाले ३७. खाच ३५ ची असेल तर दार बंद केल्यावर पल्ला २ मिमी बाहेर डोकावतो, आणि मग बिजागरीचं घर खोल करून सुतार वेळ मारून नेतो. ग्रॅनाइटच्या चौकटीत तर तीही सोय नाही. तिथे दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून खाच केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. आधी पल्ला ठरवा, मग चौकट सांगा.

आणखी एक गोष्ट घरमालक पैसे वाचवायला करतात: खोलीच्या बाजूला सनमायका आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग. असा पल्ला वाकतो. दोन्ही तोंडांना ओल वेगवेगळी लागते, एक बाजू ताणते, दुसरी ढिली राहते. बाहेरच्या बाजूला स्वस्तातलं साधं लॅमिनेट लावा, पण लावाच.

माल तपासायचा कसा

लाकडी फ्लश डोअरसाठी आयएस २२०२ हे मानक आहे. पल्ल्यावर आयएसआयची खूण आणि परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकून पाहता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, तरी साइटवर कोणी करत नाही. दुसरी परीक्षा वजनाची. ७ बाय ३ फुटांचा ३५ मिमीचा पाइनच्या भरीव गाभ्याचा पल्ला साधारण ३३ ते ३८ किलो भरतो. दोन पल्ल्यांत सात-आठ किलोंचा फरक आला तर आत काय भरलंय ते विचारा.

५०-६० पल्ल्यांची ऑर्डर असेल तर एक पल्ला मधोमध कापून बघा. होय, कापूनच. गाभ्याच्या तुकड्यांत बोट जाईल एवढ्या फटी आहेत का, भुंग्याची भोकं आहेत का, ते दिसतं. एक तुकडा पाण्यात उकळून थरांना सुरी घाला. थर सहज सुटले तर डिंक कच्चा. एका पल्ल्याची किंमत साठ पल्ल्यांपुढे काहीच नाही, आणि हे ऑर्डर देतानाच सांगून ठेवलं की पुरवठादारही सावध राहतो.

बाथरूमला फ्लश डोअर नको. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा पल्ला) किंवा एफआरपी (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचा पल्ला) घ्या. डब्ल्यूपीसीत स्क्रू मारताना आधी बारीक ड्रिल मारा, कडेच्या अगदी जवळ मारू नका. हातोड्याने ठोकलेला स्क्रू तिथे महिन्याभरात ढिला होतो.

डावं की उजवं

पुरवठादार 'उजवं' म्हणतो तेव्हा तो कुठे उभा आहे? प्रत्येकाची रीत वेगळी. म्हणून शब्दांवर विसंबू नका. यादीत प्रत्येक दाराचा क्रमांक, खोली, आणि शेजारी हाताने काढलेली छोटी आकृती द्या: भिंत, बिजागऱ्या कुठे, पल्ला कुणीकडे उघडतो. साध्या फ्लश डोअरला बाजू फारशी आड येत नाही असं वाटतं, पण मॉर्टिस लॉकसाठी (पल्ल्याच्या कडेत कोरून बसवायचं कुलूप) आतला जास्तीचा लाकडी ठोकळा काही पल्ल्यांत एकाच कडेला असतो. उलटा लावला की लॉक त्या ठोकळ्यात न बसता गाभ्याच्या तुकड्यांत बसतं. कुलूपही पल्ल्यासोबतच ठरवा. ३० मिमीच्या पल्ल्यात मॉर्टिसचं घर कोरल्यावर दोन्ही बाजूंना फार थोडं लाकूड उरतं.

माल साइटवर आल्यावर

ओल्या प्लास्टरच्या खोलीत पल्ले ठेवू नका, भिंतीला तिरके टेकवून तर मुळीच नाही. जमिनीपासून वर तीन सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर आडवे रचा. आणि पल्ला लटकवायच्या आधी वरची आणि खालची कड सीलरने बंद करा. या दोन कडा नजरेला येत नाहीत म्हणून रंगारी त्या सोडतो. कोकणात दार फुगण्याची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

बसवल्यावर त्रास दिला तर

दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर पल्ल्याला हात लावू नका. बिजागऱ्यांच्या बाजूच्या चौकटीला ओळंबा लावा, ती कललेली असेल. थोडाच फरक असेल तर एका बिजागरीखाली पातळ पुठ्ठा सरकवून भागतं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत चौकटच हलत असेल तर होल्डफास्टच्या, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या जागी काँक्रीट भरलेलं नसणार, ते फोडून भरावंच लागेल.

मुठीकडचा वरचा कोपरा घासत असेल, लॅच लागत नसेल, तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. भोक मोठं झालं असेल तर फेव्हिकॉल लावलेली बांबूची काडी ठोकून दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू मारा. ७ फुटी भरीव पल्ल्याला दोन बिजागऱ्या पुरत नाहीत, तीन हव्यात.

आणि जुलैत दार अडकलं म्हणून लगेच रंधा मारू नका. लाकडाने पावसाळ्यात पाणी घेतलेलं असतं, ते दिवाळीपर्यंत बरंचसं सोडतं. अगदीच उघडत नसेल तर घासणाऱ्या जागी मेणबत्ती फिरवा आणि नोव्हेंबरपर्यंत थांबा. तेव्हाही घासलं तर तेवढंच तासा, आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी सीलर लावा.